दोन डबे, एक बदाम

नेमका कोणता केक बिनअंड्याचा हे ओळखू आले होते, तर तो वाढायला काय हरकत होती? भानुमती सेलूकर यांचे चिरंजीव मंदार यांनी हा प्रश्न मला विचारला. घडले ते असे.

मोनिका साळवे आणि भानुमतीबाई छावणीतल्या एकाच शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. दर नाताळला भानुमतीबाई साळव्यांकडे येत, चहा आणि केळे घेत, आणि अंड्याच्या धास्तीने ताटाला हात न लावता परत जात. २०२२ साली मोनिकाबाईंनी त्यांना जेवायलाच बोलावले. स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होईल आणि केकही बिनअंड्याचा मिळेल, असा शब्द दिला. भानुमतीबाईंनी प्रथमच होकार दिला.

वस्तीतली रीत अशी, की रव्याचा केक घरी कालवायचा आणि भाजायला बेकरीत न्यायचा. पाव निघाल्यावर कमरोद्दीन यांच्या भट्टीत मंद आच उरते, ती केकला मानवते. मोनिकाबाईंनी दोन डबे भरले, एक अंड्याचा, एक दह्याचा. दह्याच्या डब्यावर मधोमध एक बदाम खोचला आणि दोन्ही डबे यजमान राजकुमार यांच्या हाती भट्टीवर पाठवले.

संध्याकाळी पाने मांडली गेली, भानुमतीबाई बसल्या, आणि राजकुमार डबे घेऊन आले. दोन्हींवर बदाम होता.

फोनवर कमरोद्दीन यांनी निरागसपणे खुलासा केला. नाताळात आपल्या भट्टीतून एकही डबा बदामाशिवाय जात नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा शिरस्ता होता.

"एकाला बदाम अन् दुसरा उपाशी, बरं दिसतं का बाई?"

मोनिकाबाईंनी दोन्ही केक कापले, वास घेतला, अंगठ्याने पोत दाबून पाहिला आणि डावीकडच्या डब्यावर बोट ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. तरीही दोन्ही डबे त्यांनी कपाटावर ठेवून दिले.

भानुमतीबाईंना नवल वाटले. "तुमची खात्री आहे ना, बाई? मग वाढा की."

"खात्री माझी आहे, नेम तुमचा आहे. माझ्या खात्रीवर तुमचा नेम मोडायला नको."

त्यांनी नवा रवा दह्यात कालवला. कुकरची शिट्टी काढली, तळाशी मीठ पसरले, आत डबा ठेवला आणि मंद आचेवर सोडून दिला. तोवर काय उपाशी बसायचे, असे भानुमतीबाईंनी विचारले, तेव्हा पुरी वाढत मोनिकाबाई म्हणाल्या, की केक शेवटीच असतो. पुऱ्या, वांग्याची भाजी आणि ओल्या नारळाच्या करंज्या होईतो कुकरमधून वेलदोड्याचा वास येऊ लागला होता.

केक वरून पांढराच राहिला.

"भट्टीचा रंग नाही आला हो," भानुमतीबाई म्हणाल्या.

"रंग पुढच्या वर्षी. आज चव बघा."

भानुमतीबाईंनी एक फोड खाल्ली, मग न विचारता दुसरी उचलली.

२०२३ च्या नाताळापासून कमरोद्दीन बिनअंड्याचे डबे भट्टीत वेगळ्या पाळीने भाजतात. बदाम सगळ्यांवर असतो.