अजून ओलंय

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या शनिवारच्या ऑइल पेंटिंग क्लासमध्ये एक काकू आहेत. त्यांचा सगळा राग व्हिक्टोरियन चित्रकारांवर. रंगपेटीच्या झाकणाला आतून त्यांनी त्या काळच्या एका चित्राचा फोटो चिकटवलाय. बाई सुंदर आहे, पण गालभर भेगा.

"बघ," त्या प्रत्येक नव्या माणसाला सुनावतात, "ट्यूबमध्ये तयार रंग मिळायला लागले आणि यांना घाई सुटली. खाली डांबराचा तपकिरी रंग फासला. तो कधी वाळलाच नाही, आणि हे वर थर चढवत बसले! तडकणार नाही तर काय?"

स्वतः काकू आपल्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं, पोर्ट्रेट करतायत. काका टाय लावून समोर खुर्चीत बसतात. दर शनिवारी काकू कॅनव्हासवरच्या गालाला करंगळी लावतात आणि जाहीर करतात, "अजून ओलंय." मग गाल पुढच्या शनिवारी, आज फक्त बाही. सुरुवात उन्हाळ्यात झाली होती, आता हॉलमध्ये हीटिंग लागलंय.

परवा त्या चहा आणायला गेल्या तेव्हा मी हळूच बोट लावून पाहिलं. गाल खडखडीत वाळलेला.

"काकू, वाळलंय की हो!" त्या आल्यावर मी म्हटलं.

त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "हळू बोल. घरी हे दिवसभर टीव्हीकडे बघतात. इथे माझ्याकडे बघतात."

"झालं का गं?" काकांनी खुर्चीतून विचारलं.

"ओलंय अजून. मान हलवू नका."

काकांनी टाय सरळ केला आणि पुन्हा काकूंकडे बघू लागले.