मूलमधला समुद्र
खाऱ्या पाण्याचा वास आला की मूल गावातले भाड्याचे घर आठवते. तेव्हा माझा बदलीचा अर्ज साहेबांच्या हातात होता, आणि साहेब माझ्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीतले मासे आणि प्रवाळ पाहायला घरी आले होते. तेवढ्यात लाइट गेली, टाकीतला हवेचा पंप थांबला. मासे गुदमरू नयेत म्हणून मी मगने पाणी उपसून पुन्हा टाकीतच ओतू लागलो. साहेब घामाने निथळत माझी पाठ पाहत बसले. बायको कुजबुजली, "अहो, साहेबाले वारा घाला ना, माशापाशी काय करून राह्यले?" मी म्हणालो, "साहेबाले अंगणात जाता येते, माशाले नाई." बदली झाली नाही. पुढे कितीतरी वर्षे त्याच कचेरीतून दमून यायचो, आणि टाकीतला एक नारिंगी मासा मला पाहून काचेशी येऊन थांबायचा. आता निवृत्त आहे, तरी दमतो. काचेशी येणारे मात्र कोणी नाही.