आप्पांच्या डबीतलं चॉकलेट

कापसाच्या जिनमध्ये काम केलं की कपड्यांना रुई चिकटते, झटकली तरी जात नाही. आमच्या नंदुरबारच्या जिनमधले किस्से तसेच मला चिकटलेत.

लढाईचे दिवस. साखर रेशनवर, चहा गुळाचा. ऑफिसात आम्ही तिघं: मी कारकून, हेडक्लार्क नानासाहेब आणि कापसाची प्रत पारखणारे कळसाडीचे आप्पा. आप्पांचा मुलगा भिका पलटणीत गेलेला, कित्येक महिने पत्र नाही. पोस्टमनची वेळ झाली की तिघांचंही लक्ष दाराकडे. चैन एकच. दर शनिवारी तिघांत मिळून समोरच्या बाबूलालशेठच्या दुकानातून चॉकलेटची एक वडी आणायची.

*

पहिल्या वडीचा तुकडा आप्पांनी कापसाचा धागा तपासायच्या सवयीनं दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, उजेडात बघितला आणि म्हणाले, "धागा आखूड शे."

*

पर्युषणात शेठचा आठ दिवसांचा उपास. तरी म्हणाले, "यहीं बैठके खाओ." शेवटचा तुकडा संपेपर्यंत बघत राहिले. मी पाण्याचा तांब्या उचलला तर ओरडले, "पानी मत पीना, स्वाद चला जाएगा!"

*

फाल्गुनात ऊन तापलं. वडी गार राहावी म्हणून नानासाहेबांनी ती सरकीच्या ढिगात पुरली. ढीग आतून गरम असतो हे वीस वर्षं जिनमध्ये काढून ते विसरले. चॉकलेट सरकीत मुरलं. सरकी न्यायला आलेल्या गाडीचा बैल तिथून तोंड काढीना. नानासाहेब हताशपणे म्हणाले, "खाऊ द्या, त्याचाही शनिवार आहे."

*

आप्पा मात्र आपला वाटा कधी खात नसत. माठाजवळच्या पत्र्याच्या डबीत टाकत. नानासाहेबांनी एकदा छेडलं, "आप्पा, साठेबाजीला बंदी आहे बरं."

"भिका वना का त्याले देसू," आप्पा म्हणाले. त्यानंतर त्या डबीची थट्टा कुणी केली नाही. मला तर तिच्याकडे बघवत नसे.

*

मग एका शनिवारी पत्र आलं. आप्पांना वाचता येत नव्हतं. मी पाकीट फोडायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला. "अक्षर त्यानंच शे का, भाऊ?"

"त्याचंच आहे, आप्पा."

"मंग वाच."

भिकानं लिहिलं होतं, 'मी खुशाल शे. आठे आम्हले चाकलेट देतस. खाई खाई कटाळा वना. मायले सांगा, मी येसू तवय कळण्यानी भाकर कर.'

आप्पा उठले. माठाजवळची डबी आणली, झाकण काढलं आणि पांढरे पडलेले सगळे तुकडे टेबलावर ओतले.

"ल्या, खा," ते म्हणाले. "पोऱ्याले नको शे."

आणि पहिला तुकडा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला.