साहेबांच्या मोटारीचा खडखडाट

त्या मोटारीचा खडखडाट मी स्वतः कधीच ऐकला नाही, तरी तो आजही आठवतो.

बेचाळीसची चळवळ नुकती थंडावली होती आणि मी शहापूरला फौजदार होतो. जंगल खात्याच्या एका बड्या साहेबांची मोटार मुरबाडच्या वाटेवर बंद पडली. मुरबाडला त्यांच्यासाठी सभा, कमान आणि बँड होता. साहेब पोचले ते पेंढ्याच्या बैलगाडीतून, तेव्हा बँडवाले भाकरी खात होते. असा अपमान आपोआप घडतो हे साहेबांना पटेना. त्यांनी घातपाताची फिर्याद दिली.

दुसऱ्या दिवशी खबऱ्या सांगत आला की, साहेबांचा ड्रायव्हर किन्हवलीत खादीवाल्या पोरांबरोबर चहा पिताना दिसला होता. त्या काळी एवढ्यावर माणूस वर्षानुवर्षे आत जाई. मी त्याला कोठडीत घातले. चौकशीत तो एकच सांगे, "टायमिंगची चेन झिजली होती. दसऱ्यापासून सांगतोय. साहेब म्हणतात, गाडी विलायती आहे, तुलाच चालवता येत नाय."

कल्याणच्या मिस्त्रीने इंजिनाचे पुढचे झाकण उघडले. व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर राखणारी साखळी आत तुटून पडली होती. "झिजून सैल झाली की ही झाकणावर आपटते. बहिऱ्यालाही ऐकू येईल," मिस्त्री म्हणाला. साहेब म्हणाले, आवाज कधी नव्हताच. साखळी मुद्दाम बिघडवली. कारकून आणि शिपाई यांनी दुजोरा दिला. साहेबांना जे ऐकू येत नसे, ते त्यांच्या हाताखालच्यांनाही येत नसे.

जागेच्या पंचनाम्यासाठी मी आणि हवालदार सायकलींवरून निघालो. वळणावर वाडीतली एक म्हातारी अचानक समोर आली. डोक्यावर मोळी, लाकडे राखीव जंगलातली. मोळी टाकून ती आमच्यावरच चिडली.

"सायकल आयकू येत नाय रं! सायबाची मोटार कशी, फाट्यावर आली का खडाखडा वाजते. आमी लगेच झाडीत."

"कधीपासून वाजते गो, आजी?"

"भात कापाय घेतलं तवापासून. आख्ख्या वाडीला माहीत हाय."

म्हणजे दसऱ्याच्या सुमारासच. मी तिला ड्रायव्हरची हकीकत सांगितली आणि जबाब देशील का, विचारले.

"नाय दिला तर तो तुरुंगात जाईल?"

"जाईल."

तिने एकदा मोळीकडे पाहिले. "लिव मग."

"पण मोटारीच्या आवाजाकडे कान कशाला लावून बसता तुमी?" हवालदाराने विचारले.

"हवालदार, तेवढे विचारायची गरज नाही," मी म्हणालो. म्हातारीने अंगठा दिला. मागोमाग वाडीतल्या आणखी चौघांनी दिला.

ड्रायव्हर सुटला. लढाईमुळे दुसरा मिळेना, म्हणून साहेबांनी त्यालाच ठेवले. मोटारीला नवी साखळी बसली, खडखडाट थांबला आणि पहिल्याच आठवड्यात म्हातारी मोळीसकट सापडली. जंगलाचे रखवालदार तिला कचेरीकडे नेत होते, तेव्हा ठाण्यासमोर थांबून ती मला म्हणाली, "फौजदार, तुजा मानूस सुटला. आमाला आता कोन सांगनार?"

खरे बोलणे साक्षीदाराला केवढ्याला पडेल, हे लिहायला जबाबाच्या कागदावर जागा नसते. ते जबाब घेणाऱ्यानेच आधी पाहायचे असते. मी पाहिले नव्हते.

ड्रायव्हरला बोलावून मी एवढेच सांगितले की, पुढे वळण धोक्याचे आहे, तेव्हा फाट्यापासूनच हॉर्न वाजवत जावे. साहेबांची बदली होईपर्यंत तो इमानाने वाजवत राहिला. साहेबही खूश होते. आपण येत असल्याची वर्दी आधी द्यायची असते, एवढे तरी हा माणूस शिकला, असे ते सर्वांना सांगत.