जयसिंगने माझे बूट पुसले होते

गाडीतून मी जयसिंगच्या मागोमाग उतरलो. दोघांच्या अंगात सारखाच निळा कोट, पाठीवर इंग्रजीत देशाचं नाव. स्टेशनवर अर्धा गाव लोटला होता. जयसिंगच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या गावच्या पाटलांनी, पोराला मिठी मारली, डोक्याला भरजरी फेटा बांधला, गळ्यात हारांवर हार घातले. मी शेजारीच उभा होतो. मान थोडी पुढे करून. खरं सांगतो, हार घालणाऱ्याला सोपं जावं म्हणून मी मान पुढे केली होती.

पाटलांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागवावं असं काही त्यांना दिसलंच नव्हतं.

"आरं, तू हितं का उभा? बा संगं हो म्होरं. दुसरी हलगी हाय की त्येच्याकडं."

बा जीपच्या तोंडाशी उभा होता. हलगी जाळावर शेकून, कातडं ताणून तयार. खांद्याला दुसरी लटकत होती. ती माझी. माझ्यासाठी त्यानं ती घरून आठवणीनं आणली होती.

मी ती घेतली. गळ्यात अडकवली. स्टेशनपासून गावापर्यंत जीपच्या पुढे वाजवत चाललो. पाठीवर देशाचं नाव आणि पोटावर हलगी. आम्ही हळू चाललो की मागून हॉर्न वाजायचा. जयसिंग जीपमध्ये उभा राहून हात जोडत होता. बा मात्र खुशीत होता. पोरगं सुखरूप परत आलं म्हणून जीव तोडून वाजवत होता बिचारा. मी मागे वळून बघितलं. जयसिंग माझ्या डोक्यावरून लांब कुठंतरी बघत होता.

आम्ही मांग. पलूस आणि तासगावच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव. लग्न असो, जत्रा असो, कुस्तीचा फड असो, नाहीतर पाटलाच्या घरचं बारसं, पुढे हलगी आमची. त्याबदली सुगीला खळ्यावर पाटील सुपानं घालतील तेवढं धान्य आमचं. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

फुटबॉल गावात आला तो पलटणीतून. पेन्शनीवर आलेल्या एका सुभेदारांनी गावाबाहेरच्या माळावर बांबू ठोकले आणि पोरं गोळा केली. मी कडेला उभा राहून लांब गेलेला चेंडू परत मारायचो. सुभेदारांनी माझा डावा पाय बघितला आणि मला आत घेतलं. पलटणीत जात बघत बसलो तर गोळी खावी लागंल, असं ते म्हणायचे. मैदानात मला कोणी अडवलं नाही. मैदानाबाहेर पाण्याची घागर असायची, तिच्यापासून मी आपला आपण लांब बसायचो. ते शिकवावं लागत नाही.

जयसिंग गोलात. मी डाव्या अंगाला. तो चेंडू पकडून न बघता फेकायचा आणि तो बरोबर माझ्या पायात पडायचा. मी धावणारच, हे त्याला ठाऊक असायचं. आमचं दोघांचं असं मेतकूट जमलं होतं. खोटं का बोलू, तो चांगला खेळाडू होता आणि पोरगा म्हणूनही वाईट नव्हता. वाईट असता तर पुढचं मला एवढं लागलं नसतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. पूर्व जर्मनीतून एक कोच आपल्याकडे आला होता. इकडची काही पोरं तिकडच्या शाळेत तीन महिने शिकायला न्यायची, असं दोन्ही सरकारांचं ठरलेलं. सांगलीला चाचणी झाली. कितीतरी पोरं आली होती. संध्याकाळी त्या गोऱ्या माणसानं बोट केलं, आधी माझ्याकडे, मग जयसिंगकडे. पाटील तिथंच होते. त्यांनी माझ्याही पाठीवर थाप मारली. पोराला परमुलखात सोबत होईल, असं म्हणाले. मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

तिकडे गेलो. थंडी अशी की बोटं आपली वाटायची नाहीत. लांबलचक इमारत, एका खोलीत दोन खाटा. एक माझी, एक जयसिंगची. आयुष्यात पहिल्यांदा मी पाटलाच्या पोराच्या बरोबरीच्या उंचीवर झोपलो.

पहिल्याच जेवणाला माझी फजिती झाली. टेबलाच्या मधोमध पाण्याचा मोठा जग ठेवलेला. सगळी पोरं हात लांबवून ओतून घेत होती. मला तहान लागली होती, पण मी हात लावला नाही. कोणीतरी वरून ओतेल म्हणून वाट बघत बसलो. कोणी ओतेना. तिथं वरून ओतायची रीतच कोणाला माहीत नव्हती. जेवण संपत आलं, घशात घास अडकला, ठसका लागला. कोचला वाटलं मी आजारी आहे. दुभाष्याकडून विचारू लागला, काय होतंय. काय सांगणार? त्यांच्या भाषेत त्याला शब्द तरी असेल का?

जयसिंगला मात्र कळलं. तो उठला. जग उचलून त्यानं स्वतःच्या ग्लासात पाणी ओतलं, अर्धं प्याला आणि उरलेलं माझ्यापुढे धरलं.

"पी गड्या," तो म्हणाला. "हितं कोन बगतंय?"

मी प्यालो. त्या वेळी मला त्याच्यासाठी जीव द्यावासा वाटला. त्याच्या बोलण्यातला दुसरा अर्धा भाग मी ऐकलाच नाही.

मग दिवस चांगले गेले. रोज सकाळी कोच प्रत्येक पोराशी हात मिळवायचा आणि नाव घ्यायचा. माझं नाव तो वाकडंतिकडं उच्चारायचा, पण रोज घ्यायचा. माझा उजवा पाय झोपलेला आहे, असं त्याचं म्हणणं. त्यानं माझ्या डाव्या पायात कापडी चप्पल घातली आणि उजव्यात बूट. चपलेच्या पायानं मारलं तर बोटं मोडतील, म्हणजे उजव्यानंच मारणं भाग. आठवडेच्या आठवडे भिंतीवर चेंडू मारून घेतले. शेवटी उजवा पायही बोलायला लागला.

आणि बूट. सराव झाला की चिखलानं भरलेले सगळ्यांचे बूट दाराशी रचायचे. ज्या खोलीची पाळी, त्या खोलीतल्या दोघांनी एकमेकांचे आणि सगळ्यांचे पुसायचे. पाळी आली तेव्हा मी सवयीनं जयसिंगचे बूट आधी ओढले. कोचनं ते माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवले आणि माझे बूट जयसिंगच्या हातात दिले. जयसिंग क्षणभर थांबला. मग हसला. खाली बसला आणि काडीनं तळाच्या खिळ्यांतला चिखल उकरून, फडक्यानं घासून, चरबी लावून माझे बूट त्यानं लख्ख केले. पुढेही प्रत्येक पाळीला केले. कुरकुर केली नाही.

तिकडून परत निघायच्या आधी तो मला म्हणाला होता, "गावात गेल्यावर पयलं माज्या घरी. आईच्या हातची भाकरी, माज्या शेजारी बसून." मी म्हणालो, तुझे आण्णा? तो म्हणाला, "आण्णांचं मी बगतो."

मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? तीन महिने ज्याच्या ग्लासातून पाणी प्यालो, त्याच्यावर नाही तर कोणावर ठेवायचा?

मुंबईपासून आम्ही गाडीत एका बाकावर बसून आलो. रहिमतपूरला पाटलांच्या ओळखीचा एक जण डब्यात चढला. त्यानं जयसिंगला रामराम केला. जयसिंग उठला, पिशवी घेतली, समोरच्या बाकावर गेला. जरा पाय लांब करतो, म्हणाला. मला तेही खरं वाटलं. इतका मी खुळा.

मग ते स्टेशन. ती हलगी. तिथंही मी मनाची समजूत घातली की बापापुढे पोराचं तोंड उघडत नसेल, घरी गेल्यावर उघडेल.

संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे सत्कार झाला. पाटील, सुभेदार आणि जयसिंग वर, खुर्च्यांवर. मी खाली, बाच्या शेजारी, जोड्यांच्या ढिगापाशी. पाटलांचं भाषण झालं. मग जयसिंग उठला. परदेशातल्या थंडीचं सांगितलं, मैदानांचं सांगितलं, लोक माना डोलवत होते. मी वाट बघत होतो. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं, आणि लोकांचंही गेलं.

"ह्यो बी हुता माज्या संगं," तो म्हणाला. "लय सेवा केली माजी. बुटं पुसण्यापास्नं समदं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी वाजवल्या. पाटील समाधानानं हसले आणि बानं अभिमानानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात मला सगळ्यात जास्त झोंबला. माझ्या बापाला माझी सेवा ऐकून अभिमान वाटत होता, कारण त्यापलीकडे त्याच्या पोरासाठी त्याला कोणी काही ठेवलंच नव्हतं.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. नुसता गप्प बसला असता तर मी सोसलं असतं. तो गप्प बसला नाही. त्यानं उलटं करून सांगितलं.

मी उठलो.

"बुटं दोगांनी पुसली," मी म्हणालो. "पाळीपाळीनं. माजी जयसिंगनं पुसली. आन् एका गिलासातनं पानी प्यालो आमी. मी तितं खेळाया गेल्तो. त्येच्यावानीच."

पाटलांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी पोराकडे बघितलं.

"व्हय का रं?"

जयसिंगच्या गळ्यात हार होते. त्यातल्या एकाची फुलं तो बोटांनी खुडत होता. मी त्याच्या डोळ्यांत बघत होतो. त्यानंही बघितलं, एकदाच.

"न्हाई आण्णा," तो म्हणाला. "खोटं बोलतुया."

मी सुभेदारांकडे वळलो. पलटणीतल्या जातीवर बोलणारा माणूस. ते आपल्या काठीकडे बघत होते.

पाटलांनी मला पाया पडून माफी मागायला सांगितलं. मी म्हणालो, "मागनार न्हाई." पुन्हा सांगितलं. मी तिथंच उभा राहिलो. कोणीतरी मागून माझ्या पाठीत लाथ घातली, मी पडलो, उठलो आणि पुन्हा तेच म्हणालो. मग माझ्या अंगावरून बा पुढे गेला. त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि पाटलांच्या पायावर ठेवलं. पोरगं बिघडलंया मालक, पदरात घ्या, असं काहीतरी पुटपुटला. माझी माफी माझ्या बापानं मागितली. त्याची वाकलेली पाठ मी बघितली आणि माझ्यातलं जे काही वाकणारं होतं, ते त्या पाठीबरोबर संपलं.

त्या सुगीला आम्हाला खळ्यावर उभं केलं नाही. आई माझ्याशी बोलेना. गप बसला असतास तर काय झिजला असतास, एवढंच एकदा म्हणाली. मी सांगलीला आलो. हळदीच्या पेठेत पोती उचलू लागलो. संध्याकाळी नदीकडच्या मैदानात पोरांमध्ये खेळायचो. अंगाला हळद लागलेली असायची, पोरं नवरदेव म्हणून चिडवायची. तिथं मी दोन्ही पायांनी गोल मारायचो.

एके दिवशी जयसिंग तिथं आला. तालुक्याची टीम जिल्ह्याच्या मोठ्या सामन्याला चालली होती आणि डाव्या अंगाला त्यांच्याकडे कोणी नव्हतं. आधी तो खेळ बघत उभा राहिला. मग मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात टाकला. आजूबाजूला आमच्या गावचं कोणी नव्हतं, म्हणून टाकला.

"झालं गेलं सोड," तो म्हणाला. "खरं काय ते तुला ठावं हाय, मला ठावं हाय. आपल्या दोगांत हाय की. बास न्हवं?"

त्याचा चेहरा पडलेला होता. त्याला वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. क्षणभर मला त्याची दयाही आली. पण दया करायची पाळी दर वेळी माझीच का?

"दोगातलं खरं मला नगं," मी म्हणालो. "देवळाम्होरं हुबा ऱ्हा आन् चारचौगात म्हन. मग येतो."

"आण्णा जित्तं हायती तवर न्हाई जमायचं मला."

"मग मला बी न्हाई जमायचं."

मी त्याचा हात खांद्यावरून काढला. झटकला नाही. काढून त्याच्या अंगाशी ठेवला आणि खेळायला परत गेलो. त्या टीममधून मी खेळलो नाही, पुढे कधीही नाही. समोर उभा राहून मात्र खेळलो. तो गोलात असला की चेंडू घेऊन सरळ त्याच्या अंगावर जायचो आणि तो कुठं झेपावणार हे मला आधीच ठाऊक असायचं.

पुढे नोकरीत, युनियनमध्ये असे पुष्कळ भेटले. जिन्याखाली गाठून, खांद्यावर हात ठेवून हळूच सांगणारे, की मनातून आम्ही तुझ्याच बाजूचे. मी त्यांना तिथल्या तिथं हाताला धरतो, सगळे बसलेले असतात तिथं आणतो आणि म्हणतो, आता बोल. बोलला तर माझा माणूस. नाही बोलला, तर त्याची गणती मी पाटलात करतो.