सगळं विमान माझ्यासाठी बसून राहिलं

आईशी, म्हणजे आमच्या कुलदेवीशी, मी आयुष्यात एकदाच अबोला धरला. तोही नेमका पहिल्यांदा विमानात बसले त्या दिवशी. चूक माझी होती आणि राग तिच्यावर. वीस वर्षं जिची पूजा केली तिनेच माझ्या पोरीच्या ताटात माती कालवली, असं मला त्या दिवशी अगदी खरंच वाटत होतं.

किन्हवलीजवळच्या आमच्या गावात कुठलीही नवी गोष्ट आधी देव्हाऱ्यात जाते. बियाणं असो, साडी असो, लग्नाची पत्रिका असो. माझ्या मुलीला दिल्लीच्या सरकारी नर्सिंग कॉलेजातून बोलावणं आलं, तेव्हा निघायच्या सकाळी मी तिच्या फाइलमधून बारावीची मूळ गुणपत्रिका हळूच काढली, हळदकुंकू लावलं आणि देवीच्या चांदीच्या टाकाखाली ठेवली. दहा मिनिटांत परत ठेवणार होते. तेवढ्यात जीपवाल्याने हॉर्न वाजवला, मी चपात्या बांधायला धावले, आणि पोरगी मैत्रिणीबरोबर गेली. कागद देव्हाऱ्यातच. दुसऱ्या दिवशी मी भाताच्या आवणीला चिखलात उभी, त्यामुळे देवीची पूजा आमच्या यांनी केली, म्हणजे वरून दोन फुलं टाकली आणि हात जोडले. टाक कोण उचलतंय!

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला दिल्लीहून फोन. पोरगी रडत होती. "आये, मार्कशीट नाय गो फाइलीत! नुसती झेरॉक्स हाय. साहेब बोलतात, पाचच्या आत वरिजनल दाखवा, नायतर पुढच्या नंबरची पोरगी घेऊ." देव्हाऱ्याकडे गेले, टाक उचलला, कागद तिथेच. मी देवीकडे बघून म्हटलं, "तुझ्यापुढं ठेवला, त्याचं हे फळ दिलंस होय? आजपासून तुझं-माझं बोलणं बंद."

रेल्वेने दिल्ली म्हणजे एक अख्खा दिवस. माझे धाकटे दीर वाशिंदच्या एका फॅक्टरीच्या ऑफिसात कामाला. ते फोनवर म्हणाले, "वहिनी, विमानाचं तिकीट काढतो, मी जातो." मी म्हटलं, "घोळ मी घातला, मीच निस्तरीन. माझ्या नावाने काढा." हे मधे बोलले, "अगो, तुला कल्याणच्या पलीकडं रस्ता म्हायती नाय, विमानात कुटं निघालीस?" मतदान कार्ड पदराला बांधलं, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि जीपमध्ये बसले. दीर वाटेत वाशिंदला चढले आणि त्यांनी मला विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं. पुढे आत एकटी.

पावसामुळे विमान तासभर उशिरा सुटलं. माझी जागा सगळ्यात शेवटच्या रांगेत, मधली. खिडकीशी एक बाई गाढ झोपलेल्या, आणि वाटेच्या बाजूला एक जाडजूड गृहस्थ, आमच्या दोघांच्या मधला हात टेकायचा दांडा पूर्ण बळकावून. दोन वेळा मी कोपर सरकवून बघितलं, ढिम्म हलेनात. शेवटी माझ्या हिंदीत ठणकावलं, "ओ भाऊसाहेब, मेरेको बी हात है!" त्यांनी डोळे वटारले आणि हात मात्र काढला.

घड्याळ पुढे पळत होतं. जीप असती तर ड्रायव्हरला दम भरला असता, रस्ता असता तर धावत सुटले असते. इथे पट्ट्याने जखडलेली, आभाळात, काही म्हणजे काही करता येत नव्हतं. जन्मात असं हात बांधून कधी बसले नव्हते. पिशवी छातीशी धरली आणि मनातच देवीला सुनावलं, "घे बाई. माझ्या हातचं संपलं. आता तुला काय करायचं ते कर." ती प्रार्थना नव्हती हो, वैतागच होता. मग जे रडू फुटलं ते आवरेना.

"क्या हुआ, बहनजी?" शेजारचे गृहस्थ विचारत होते. मी तोडक्यामोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, हळदकुंकवासकट. ते हसले नाहीत. मनगटावरचं घड्याळ बघितलं, डोक्यावरचं बटण दाबून हवाईसुंदरीला बोलावलं आणि तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलले. ती पुढे गेली. परत आली ती मान डोलवतच.

पावणेचारला विमान उतरलं. चाकं थांबली की सगळे उठून वाट अडवतात, हे मला काय माहीत? पण कुणी उठलंच नाही. आधी बसून राहायची सूचना झाली, मग हे गृहस्थ वाटेत उभे राहून गरजले, "सब बैठे रहिए! इनकी बेटी का एडमिशन है!" आणि दीडशे माणसं बसून राहिली! सुटाबुटातले साहेब, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सगळे. मी नऊवारीचा काष्टा सावरत त्या चिंचोळ्या वाटेने धावले. कुणी म्हणालं, "जल्दी, माताजी!" पुढे एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. माझ्या लग्नाच्या वरातीतही माझा एवढा मान झाला नव्हता. ते गृहस्थ मागोमाग आले. त्यांना न्यायला आलेली गाडी त्यांनी मला दिली, ड्रायव्हरला पत्ता सांगितला, आणि स्वतः टॅक्सीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. नाव विचारायचंसुद्धा सुचलं नाही मला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना मी कॉलेजच्या पायऱ्या चढले. पोरगी दारातच होती. तिने कागद हिसकावला आणि आत पळाली. बाहेर आली ती नाचतच. "आये, झालं गो! नंबर लागला!" तिथेच पायरीवर बसून मी मोठ्याने हसले. येणारेजाणारे बघत होते, बघोत.

आज ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. लोक मला विचारतात, त्या दिवशी देवीचा धावा कसा केला? खरं सांगते, मी धावा केलाच नाही. मी रुसले होते, तिचं नावसुद्धा घेत नव्हते. मी बोलणं टाकलं, तिने मला टाकलं नाही.