मुबश्शिरा टीचरचा नेपच्यून

परळीत पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तांब्याच्या तारेनं भरून देणारे मैनुद्दीन आणि त्यांची बायको मुबश्शिरा घरात दखनी उर्दूच बोलायचे. मराठी तिच्या शाळेची. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं उभा जन्म विज्ञान शिकवलं. निवृत्त झाली आणि त्याच उन्हाळ्यात तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. पाणी मागता येईना, नवऱ्याला हाक मारता येईना.

एकदा तिची जुनी विद्यार्थिनी विजयमाला भेटायला आली. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणाली, "टीचर, नेपच्यूनचा धडा तुमीच शिकवलता आमाला."

मुबश्शिराचे ओठ हलले. आधी अडखळत, मग थेट वर्गातल्या आवाजात ती बोलू लागली, "नेपच्यून हा सूर्यापासून सर्वांत दूरचा, आठवा ग्रह. सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला त्याला सुमारे एकशे पासष्ट वर्षे लागतात. मिथेन वायूमुळे तो निळा दिसतो."

दारात उभ्या मैनुद्दीनच्या हातातली तांब्याची तार खाली पडली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "चाचा, हे पाठ झालेलं बोलणं आहे. त्यात अर्थ शोधू नका."

त्यांनी ऐकलं नाही. जन्मात पहिल्यांदाच ते बायकोशी मराठीत बोलू लागले. "टीचर, भूक लागली का?" ती गप्प. "मला वळखलं का?" गप्प. "नेपच्यून कसा हाय?" म्हटलं की धडा सुरू.

थंडीतल्या एका सकाळी ती पोट धरून कण्हू लागली. "कां दुखरा? पेट में? बोल ना!" मैनुद्दीन घायकुतीला आले. डोळ्यांतून पाणी वाहत असताना ती म्हणाली, "तिथे ताशी दोन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने वारे वाहतात."

वारे! पोटात वारा धरला असेल, असं समजून त्यांनी ओव्याचं पाणी पाजलं. तिनं थुंकून टाकलं. दुपारपर्यंत पोट दगडासारखं झालं, तेव्हा रिक्षा केली. लघवी तुंबली होती. दवाखान्यात नळी घातल्यावर ती निवली.

"इतका वेळ कावून थांबलात, चाचा?" सिस्टरनं विचारलं.

त्यानंतर धडाही झिजत गेला. आधी मिथेन गेला, मग वर्षं. एक दिवस नेपच्यून म्हटल्यावर ती नुसती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

आता दुकान बंद करून आले की मैनुद्दीन तिचं विज्ञानाचं पुस्तक नेपच्यूनच्या धड्यावर उघडतात आणि अक्षर अक्षर जुळवत वाचतात. कधी तिचे ओठ हलल्यासारखे वाटतात. ते थांबतात, वाट बघतात. मग पुढची ओळ वाचतात.